लग्नाची सही, देशाचा शिक्का

"मुलीने अमेरिकन मुलाशी लग्न केलं, म्हणजे आता तीही अमेरिकन झाली ना?" लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न हमखास निघतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, "आणि जावई इथे राहायला आला, तर तो भारतीय होईल का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण एवढ्यावर थांबलं तर कुणाचंच काम होत नाही. लग्न आणि देश यांचं नातं नेमकं कसं जुळतं, हे पायरीपायरीने समजून घेतलं तर वर्षं वाचतात आणि डोळ्यांतलं पाणीही वाचतं. म्हणून हे प्रकरण.

१. लग्नाने नागरिकत्व मिळतं का?

हा समज अगदीच निराधार नाही. एके काळी खरोखर तसंच होतं. अमेरिकेत १८५५च्या कायद्याने अमेरिकी पुरुषाशी लग्न केलेली पात्र परदेशी स्त्री आपोआप अमेरिकी नागरिक होत असे. १९०७च्या कायद्याने याची उलटी बाजूही पक्की केली. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या अमेरिकी स्त्रीचं नागरिकत्व जाऊ लागलं. बायको नवऱ्याच्या देशाची, एवढाच त्यामागचा विचार होता.

१९२२मध्ये केबल कायदा आला आणि स्त्रीचं नागरिकत्व बऱ्याच अंशी तिचं स्वतःचं झालं. पण त्यात एक काटा राहिला. नवरा 'नागरिक होण्यास अपात्र' अशा परदेशी गटातला असेल, तर बायकोचं नागरिकत्व तरीही जाई. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना त्याच गटात टाकलं. भारतीय क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकी पत्नी मेरी यांना याचीच झळ बसली. जन्म अमेरिकेत होऊनही लग्नामुळे त्यांना स्वतःच्याच देशात परकं ठरवलं गेलं. तो काटा १९३१मध्ये निघाला.

आजचा नियम वेगळा आहे. लग्नाने फक्त अर्ज करण्याचा हक्क मिळतो, नागरिकत्व मिळत नाही. जोडीदाराला आपल्या देशात आणता येईलच, याचीही खात्री नसते. जून २०२४मध्ये मुन्योझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा अमेरिकी नागरिकाचा मूलभूत हक्क नाही.

२. तीन दरवाजे

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. आधी दिंडी दरवाजा लागतो. त्यातून आत आलं की अंगण आणि ओसरी. कुणी बोलावलं तर माणूस माजघरात मुक्कामाला राहतो. पण वर्षानुवर्षं माजघरात राहिलं, म्हणून वाड्याच्या उताऱ्यावर नाव लागत नाही. त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते.

देशांचंही तसंच असतं. व्हिसा म्हणजे दिंडी दरवाजातून आत येण्याची परवानगी. दीर्घकाळ राहण्याचा परवाना म्हणजे माजघरातला मुक्काम. अमेरिकेत त्याला ग्रीन कार्ड म्हणतात, तर भारतात परदेशी जोडीदारासाठी आधी एक्स-२ व्हिसा आणि मग ओसीआय कार्ड असतं. नागरिकत्व म्हणजे उताऱ्यावर नाव. लग्नाचा दाखला ही दरवाजावर वाजवायची कडी आहे. ती वाजवल्याशिवाय दार उघडत नाही, पण कडी म्हणजे किल्ली नव्हे.

या तीन टप्प्यांची कार्यालयं वेगळी, अर्ज वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. बहुतेक गोंधळ होतात ते एका टप्प्याचं काम दुसऱ्याने होईल असं धरून चालल्यामुळे.

३. पहिला कागद : लग्नाचा दाखला

समजा, पुण्याची मुलगी आणि जर्मनीचा मुलगा. दोघांना पुण्यात लग्न करायचंय. घरच्यांनी हॉल घेतला, गुरुजी ठरवले, अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी सगळं यथासांग झालं. कायद्याने लग्न झालं का?

मुलगा ख्रिश्चन असेल तर नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होण्यासाठी वधू आणि वर दोघंही त्या कायद्याच्या अर्थाने हिंदू असावे लागतात. बौद्ध, जैन आणि शीख त्यात येतात. अशा जोडप्यासाठी मार्ग आहे तो विशेष विवाह कायदा, १९५४चा, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर लग्न म्हणतो तो.

त्याची रीत अशी. दोघांपैकी किमान एक जण त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला असावा लागतो. मुलगी पुण्याचीच असल्याने ही अट आपोआप पुरी होते. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. पुढचे ३० दिवस ती नोटीस लावलेली असते. कायदेशीर हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर सह्या होतात. ही नोटीस तीन महिन्यांनी शिळी होते. त्या आत लग्न लागलं नाही, तर पहिल्यापासून सुरुवात.

आता हिशेब करा. नोटीस १ डिसेंबरला दिली, तर सही जानेवारी उजाडल्यावरच होते. मुलगा तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन डिसेंबरात आला असेल, तर मुहूर्त गाठला तरी सही हुकते. म्हणून हॉलच्या आधी विवाह अधिकाऱ्याची तारीख ठरवावी. मुलाने स्वतःच्या देशातून अविवाहित असल्याचा दाखला आणायचा असतो. आधीचं लग्न मोडलेलं असेल, तर घटस्फोटाचा हुकूमनामाही लागतो. हे कागद मिळवायला कधी लग्नाच्या तयारीपेक्षा जास्त वेळ जातो.

गोव्यात रीत आणखी वेगळी. तिथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे निबंधकाकडे दोन टप्प्यांत सह्या होतात. पहिल्या सहीने फक्त इरादा नोंदला जातो. ती झाली म्हणजे लग्न झालं असं समजू नये.

लग्न परदेशात करायचं असेल, तर तिथल्या कायद्याने करता येतं. किंवा जोडप्यातला एक जण भारतीय नागरिक असल्यास १९६९च्या परकीय विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यासमोरही करता येतं.

४. संसार भारतात मांडायचा असेल तर

आपलं उदाहरण पुढे नेऊ. लग्न झालं आणि दोघांनी पुण्यातच राहायचं ठरवलं. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठी एक्स-२ नावाचा प्रवेश व्हिसा असतो. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. मुंबईत हे काम एफआरआरओ कार्यालय पाहतं, तर जिल्ह्यात पोलीस आयुक्तालयातला किंवा अधीक्षक कार्यालयातला परकीय नागरिक नोंदणी विभाग. अर्ज आता ऑनलाइन होतो. १ सप्टेंबर २०२५पासून १९४६चा जुना परकीय नागरिक कायदा जाऊन नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला आहे. त्यामुळे शेजाऱ्याच्या जावयाने दहा वर्षांपूर्वी काय केलं, यावर विसंबू नये.

पुढची पायरी ओसीआय कार्डाची. परदेशी जोडीदाराला ते मिळण्यासाठी लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. सुरक्षा तपासणीही होते. जोडीदार स्वतः, त्याचे आईवडील किंवा आजीआजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर ही वाट बंद असते. ओसीआय मिळालं की पुन्हा पुन्हा व्हिसा काढावा लागत नाही. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड घटस्फोटानंतर रद्द होऊ शकतं.

जावयाला खरोखर भारतीय व्हायचं असेल, तर नागरिकत्व कायद्याप्रमाणे त्याने भारतात सात वर्षं राहिलेलं असावं लागतं. ही सात वर्षं अशी मोजतात : अर्जाच्या लगेच आधीचं पूर्ण वर्ष भारतात, आणि त्याआधीच्या आठ वर्षांपैकी मिळून सहा वर्षं भारतात. शिवाय आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. याची दुसरी बाजू आपल्या मुलीला लागू होते. तिने स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की त्या क्षणी तिचं भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट कपाटात तसाच पडून असला तरी!

५. 'मुलगा अमेरिकेत असतो' म्हणजे नेमकं काय?

स्थळ सांगताना एवढंच वाक्य पुरेसं मानलं जातं. खरं तर याच वाक्याच्या पोटात तीन वेगवेगळी आयुष्यं दडलेली असतात.

समजा, सांगलीत एकाच दिवशी तीन लग्नं लागली. तिन्ही नवरदेव न्यू जर्सीत नोकरी करतात. पहिला एच-वन-बी व्हिसावर आहे, दुसऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तिसरा अमेरिकी नागरिक आहे. तिन्ही मुली सारख्याच शिकलेल्या, तिघींनाही नोकरी करायची आहे.

पहिलीला एच-फोर हा डिपेंडंट व्हिसा मिळतो. तिला नवऱ्याकडे तुलनेने लवकर जाता येतं, पण नोकरीची परवानगी सोबत मिळत नाही. २०१५पासून काही एच-फोर जोडीदारांना काम करण्याचा परवाना मिळू लागला. त्यासाठी नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेला असावा लागतो. भारतात जन्मलेल्यांची ही रांग अनेक वर्षांची आहे. तोपर्यंत इंजिनियर मुलगी कायदेशीरपणे एक तासही पगारी काम करू शकत नाही. कंपनीने एल-वन व्हिसावर पाठवलेल्या नोकरदाराच्या जोडीदाराला मात्र काम करता येतं. व्हिसाच्या एका अक्षराने असा फरक पडतो.

दुसरीच्या नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे. तो तिच्यासाठी अर्ज करू शकतो, पण या गटातल्या जागांवर दरवर्षी मर्यादा असते. म्हणजे टोकन घेऊन रांगेत उभं राहणं आलं. अर्ज दाखल झाल्याची तारीख हे ते टोकन. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात कोणत्या तारखेपर्यंतची टोकनं आत बोलावली ते कळतं. लग्नानंतर लगेच जोडीने विमानात बसण्याचं स्वप्न इथे बहुधा मोडतं.

तिसरीचा नवरा नागरिक आहे. नागरिकाचा जोडीदार 'निकटचा नातेवाईक' मानला जातो आणि या गटाला वार्षिक मर्यादा नाही. रांग नसली तरी कागद तपासायला वेळ लागतोच. भारतातल्या स्थलांतरित व्हिसांच्या मुलाखती प्रामुख्याने मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होतात. नागरिकाला आणखी एक वाट असते, ती वाग्दत्त वधूच्या के-वन व्हिसाची. त्यासाठी अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात, आणि अमेरिकेत पोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं.

म्हणून स्थळ पाहताना पगार आणि घर विचारतो, तसंच सरळ विचारावं, "तुमच्याकडे कोणता कागद आहे आणि त्यावर आमच्या मुलीला काय करता येईल?" या प्रश्नात अविश्वास नाही, काळजी आहे. मुलगी तिकडे असेल आणि मुलगा इथून जाणार असेल, तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा.

६. दोन वर्षांच्या कार्डाचं गणित

तिसऱ्या मुलीला स्थलांतरित व्हिसा मिळाला. आता तिच्या ग्रीन कार्डाची मुदत किती? ती ठरते एका साध्या वजाबाकीने. अमेरिकेत प्रवेश केला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पुरी झाली होती का?

समजा, लग्न १० डिसेंबर २०२४चं. तिने ५ मार्च २०२६ला अमेरिकेत पाऊल ठेवलं. लग्नाला सव्वा वर्षही झालेलं नाही, म्हणून तिला दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळेल. ते ५ मार्च २०२८ला संपेल. संपण्याआधीच्या ९० दिवसांत, म्हणजे डिसेंबर २०२७च्या पहिल्या आठवड्यापासून, दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा. हा अर्ज विसरला तर परवानाच धोक्यात येतो. तीच मुलगी १५ डिसेंबर २०२६ला गेली असती, तर लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली असती आणि तिला थेट दहा वर्षांचं कार्ड मिळालं असतं.

ही अट आली १९८६च्या कायद्याने, खोट्या लग्नांना आळा घालण्यासाठी. पण तिचा एक जाच असा, की दुसरी सही नवऱ्याची लागते. नवरा छळ करत असेल किंवा लग्न मोडलं असेल, तर काय? तेव्हा ती एकटी अर्ज करू शकते. लग्न खरं होतं, हे दाखवलं की नवऱ्याच्या सहीची सूट मागता येते. ही गोष्ट प्रत्येक मुलीला माहीत हवी, कारण "मी सही केली नाही तर तुला परत जावं लागेल" ही धमकी अज्ञानावरच जगते.

नागरिकाशी संसार करत ग्रीन कार्डावर तीन वर्षं काढली, की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. इतरांना सहसा पाच वर्षं थांबावं लागतं.

७. लग्न खरं आहे, हे दाखवायचं कसं?

मुलाखत घेणारा अधिकारी तुमच्या लग्नाला आलेला नसतो. त्याला तुमचा संसार कागदांतूनच दिसतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात भेटून तीन आठवड्यांत लग्न ठरणं आपल्याला नवलाचं वाटत नाही. त्याला ते समजावून सांगावं लागतं. म्हणून ओळख कशी झाली, साखरपुडा कधी झाला, कोण कोण हजर होतं, हे तारखांसह एका पानावर लिहून ठेवावं. पत्रिका, दोन्हीकडची माणसं एकत्र दिसतील असे थोडे फोटो, भेटींची तिकिटं, दोघांच्या नावचं बँक खातं किंवा भाडेकरार जोडावा. एकट्या वधूवरांचे सजवलेले दोनशे फोटो देण्यापेक्षा पंगतीत वाढणाऱ्या सासूबाईंचा एक फोटो जास्त बोलतो.

मराठी घरातली खरी अडचण मात्र नावाची असते. एका मुलीची फाइल उघडून पाहू. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, फक्त आईवडिलांची नावं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'स्नेहल वसंत', म्हणजे मध्ये वडिलांचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नवं नाव. आधारवर हौसेने बदलून घेतलेलं सासरचं आडनाव. पासपोर्टवर अजून माहेरचं. बँकेत स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. आपल्याला ही एकच मुलगी दिसते, अधिकाऱ्याला चार दिसतात.

उपाय सोपा आहे. लग्नानंतर नाव बदलायचं कायद्याचं बंधन नाही. बदलायचं नसेल, तर सगळीकडे माहेरचंच ठेवा. बदलायचं असेल, तर परदेशाचा अर्ज करण्याआधी सगळीकडे एकदमच बदला, अर्धवट ठेवू नका. लग्नाच्या दाखल्यावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते सही करण्याआधी तिथेच तपासा.

आणि खोटं काहीही जोडू नका. अपुरा कागद नंतर देता येतो. खोटा सापडला, तर दार अनेकदा कायमचं बंद होतं.

८. पैशांची हमी

येणारा जोडीदार सरकारवर भार होणार नाही, याची हमी बहुतेक देश मागतात. अमेरिकेत बोलावणाऱ्याने आपलं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट आहे, असं दाखवून सांभाळाच्या करारावर सही करायची असते. फार थोड्यांना माहीत असतं, की ही हमी घटस्फोटाने संपत नाही. साधारणपणे जोडीदार नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही जमा होईपर्यंत ती टिकते.

ब्रिटनमध्ये बोलावणाऱ्याच्या उत्पन्नाची किमान अट १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ला ती एकदम २९,००० पौंड झाली. कॅनडात जोडीदाराला सांभाळण्याची हमी तीन वर्षांची असते, आणि नव्या जोडप्यांवरची दोन वर्षं एकत्र राहण्याची अट तिथे २०१७मध्ये काढून टाकली गेली. जर्मनीत बहुतेक जोडीदारांना व्हिसाच्या आधी ए-वन पातळीची जर्मन भाषा यावी लागते, त्यामुळे लग्नाची खरेदी आणि भाषेचा वर्ग एकाच महिन्यात सुरू करावा. हे आकडे आणि अटी बदलत राहतात. अर्ज करायच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा एकदा वाचून घ्याव्यात.

९. ज्याने देश सोडला, त्याच्या बाजूने

दोघांपैकी एकाच्या पायाखालची जमीन बदलते. त्याची भाषा, नोकरी, मैत्रिणी, आजारपणात धावून येणारी शेजारीण, सगळं मागे राहतं. राहण्याचा परवानाही दुसऱ्याच्या नावाशी बांधलेला असतो. प्रेमाच्या घरातही ही तराजू एका बाजूला झुकलेली असते, आणि ती सावरण्याचं काम दोघांचं आहे.

यासाठी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. पासपोर्ट ज्याचा त्याच्याच हाती राहावा, 'सांभाळायला' म्हणून दुसऱ्याच्या कपाटात जाऊ नये. प्रत्येक अर्जाची प्रत आणि पावती क्रमांक दोघांकडेही असावा. स्वतःच्या नावाचं बँक खातं असावं. परदेशात पोचल्यावर जवळच्या भारतीय वकिलातीचा पत्ता आणि फोन लिहून ठेवावा. परदेशी गेलेल्या नवऱ्याने टाकून दिलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९पासून अनिवासी भारतीय कक्ष आहे, हे माहेरच्यांनाही ठाऊक असावं.

मुलगी परदेशी निघाली की आपण रुखवत मांडतो. साखरेचं तुळशीवृंदावन, विणलेलं तोरण, रवाळ लाडू. त्याच मेजावर यापुढे एक फाइल मांडावी. तिच्यात लग्नाच्या दाखल्याच्या तीन साक्षांकित प्रती, जन्मदाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, लसीकरणाची नोंद, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि पहिल्या पानावर आईच्या हाताने लिहिलेल्या मुदतीच्या तारखा. वर नाव मुलीचं, तेही पासपोर्टवर आहे तसंच. लाडू पहिल्या महिन्यात संपतील. ही फाइल मात्र तिला त्या परक्या देशात वर्षानुवर्षं पुरेल.